पेशीच्या उंबऱ्यावर अडलेला रंग

मेअखेरीस राजमाचीला काजवे बघायला गेलात, तर एक लक्षात घ्या. काजव्याला उजेडासाठी दुसऱ्याचा दिवा लागत नाही, त्याचा प्रकाश पोटातल्या रसायनांतून येतो. मी बनवते त्या रेणूंना मात्र दिवा लागतो. निळा प्रकाश टाकला की ते हिरवा परत देतात. यालाच प्रतिदीप्ती म्हणतात.

मी कामशेतहून लोकलने पुण्यातल्या प्रयोगशाळेत जाते. पहिल्या वर्षी केलेला माझा रेणू परीक्षानळीत झकास चमकला. मग तो जिवंत पेशींवर टाकला. भोवतालचं पाणी हिरवंगार, पेशी मात्र काळ्याच! रेणूवर ऋण विद्युतभार होता आणि पेशीचं आवरण तेलकट. भार असलेल्याला ते सहसा आत घेत नाही.

सरांनी काही न बोलता 1966चा एक पेपर हातात ठेवला.

त्याची गोष्ट 1871पासून सुरू होते. त्या वर्षी जर्मनीत आडोल्फ फॉन बायर यांनी फ्लुरोसीन बनवलं. 1877मध्ये हाच रंग डॅन्यूब नदीत ओतला आणि तो कित्येक किलोमीटर दूरच्या आख नदीच्या झऱ्यात उगवला! जमिनीखालून पाणी कुठे जातं, ते असं कळलं. पेशीत मात्र तो सहजी जाईना. 1966मध्ये बोरिस रॉटमन आणि बेन पापरमास्टर यांनी वापरलेल्या फ्लुरोसीनच्या रूपात रेणूच्या दोन ऑक्सिजनांवर अ‍ॅसिटिल गटांच्या टोप्या होत्या. टोप्यांमुळे भारही गेला आणि चमकही. असा मुका रेणू आवरणातून निमूट आत शिरतो. आत पेशीचीच विकरं टोप्या कापतात. भार परत येतो, रेणू चमकू लागतो आणि आतच अडकतो. आवरण फाटलेल्या मेलेल्या पेशीत तो टिकत नाही, म्हणजे जिवंत कोण हेही कळतं. काय डोकं आहे! पुढे 1981मध्ये केंब्रिजला रॉजर त्सिएन यांनी अशाच युक्तीने पेशीतलं कॅल्शियम मोजणारा रेणू आत पोचवला.

आपल्याकडे रंगांची विद्या वाढली ती कापडाच्या निमित्ताने. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान विभागात के. वेंकटरामन यांनी रंगांचं शास्त्र उभं केलं. कृत्रिम रंगांवरचा त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ 1952चा. 1957मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. कापडाचा रंग धुण्यात जाऊ नये आणि पेशीतला पाझरू नये, या दोन काळज्या मला तरी सख्ख्या बहिणी वाटतात.

मीही टोप्या चढवल्या. दोन महिने गेले. एका दुपारी पडद्यावर पहिली पेशी हिरवी झाली. मी इतका वेळ बघत बसले, की माझ्याच दिव्याने तिचा रंग विटला. शेजारच्या दोन पेशी आक्रसल्या.

निळा प्रकाश पेशींना सोसत नाही. सध्या तांबड्यावर चालणाऱ्या रेणूच्या मागे आहे.