उत्तरेचा उजेड आणि गहाणखत

सावरगाव हे नाव कोकणातील व गोमंतकातील आमच्या वाचकांच्या कानांवर क्वचितच आले असेल. आले असल्यास ते गोटमारीच्या निमित्ताने. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका तीरावर पांढुर्णेकर आणि दुसऱ्या तीरावर सावरगावकर उभे राहतात, पात्रात पळसाचे झाड रोवलेले असते, आणि ते हस्तगत करण्यासाठी दोन्ही बाजूंनी दगडांचा वर्षाव होतो. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यपुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला, परंतु छिंदवाडा जिल्ह्यातला हा मराठी बोलणारा पट्टा मध्यप्रदेशातच राहिला. २०२३ साली पांढुर्णा व सौसर ह्या दोन तहसिलींचा मिळून निराळा जिल्हा झाला. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र गोटमारही नाही आणि राज्यपुनर्रचनाही नाही. तो आहे उजेड. छायाचित्रकाराला लागणारा, आणि गरिबाला परवडणारा.

निमित्त असे झाले. गेल्या वर्षी चैत्रात सावरगावचा एक तरुण आपल्या वडिलांसह आमच्याकडे आला. वडिलांची संत्र्याची लहानशी बाग आहे. घराच्या पुढच्या भागात छायाचित्रणाचा स्टुडिओ थाटावा, असा मुलाचा मानस. कॅमेरा त्याला मामाकडून जुना मिळालेला होता. उरले होते दिवे. त्यांची यादी त्याने नागपुराहून करून आणली होती : दोन मोठे फ्लॅश, त्यांवरचे सॉफ्टबॉक्स, छत्र्या, स्टँड आणि आणखी कितीतरी. त्या यादीच्या रकमेसाठी बागेचा एक तुकडा गहाण टाकण्याचे बापलेकांनी ठरविले होते. आम्ही गहाणखताचा मसुदा करून द्यावा, एवढीच त्यांची अपेक्षा. "लाइटाशिवाय स्टुडिओ कसा होईल जी, वकीलसाहेब?" असे तो मुलगा म्हणाला.

वकिलाने पक्षकाराला त्याचा धंदा शिकवू नये, हा आमचा जुना नियम. तो त्या दिवशी आम्ही मोडला. यादी ठेवून घेतली आणि आठ दिवसांनी या म्हणून सांगितले. ते आठ दिवस आम्ही एकाच प्रश्नाच्या मागे होतो : आमच्या मुलखातील पहिल्या छायाचित्रकारांनी उजेड आणला तरी कोठून?

फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ साली स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्यांचे घराणे मूळचे गोव्यातील मांद्र्याचे, हे आमच्या सारस्वत वाचकांस सांगावयास नकोच. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः नामांकित छायाचित्रकार. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे गृहस्थ मुंबईत ह्या धंद्यात नावारूपास आले. ह्या मंडळींजवळ विजेचा दिवा असणे शक्यच नव्हते. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ साली जी ओल्या काचेची रीत प्रसिद्ध केली, तीत काचेवर रसायन चढवून ती ओली आहे तोवरच चित्र घ्यावे लागे, आणि काच इतकी मंद की समोरच्या माणसाने कित्येक सेकंद निश्चल बसावे. म्हणून त्याच्या मानेमागे लोखंडी आधार लावीत. जुन्या चित्रांतील आपले पूर्वज इतके गंभीर का दिसतात, ह्याचे थोडेसे उत्तर त्या लोखंडात आहे.

तेव्हा उजेडाचे प्रमाण हाच त्या काळचा खरा पेच. त्यावर युरोपात तोड निघाली ती काचेच्या छपराची. इमारतीच्या वरच्या मजल्यावर उत्तरेकडे उतरते काचेचे छप्पर घालावयाचे, त्याखाली पांढरे पडदे सरकते ठेवावयाचे, आणि पडद्यांच्या चाळवाचाळवीने चेहऱ्यावरची छाया हवी तशी पाडावयाची. उत्तर दिशा अशासाठी की तिकडून ऊन येत नाही. येतो तो केवळ आकाशाचा उजेड, सौम्य आणि दिवसभर सारखा. भांडवल लागे ते काचेला. उजेड फुकट होता.

येथे एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे, कारण इंग्रजी पुस्तके ती सांगत नाहीत. उत्तरेकडून ऊन येत नाही, हे विलायतेत बव्हंशी खरे. आमच्याकडे ते अर्धेच खरे. मार्चच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत सूर्य पूर्वेच्या उत्तरेस उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेस मावळतो. त्यामुळे ह्या महिन्यांत उत्तरेच्या दारात सकाळी व सायंकाळी तिरपे ऊन शिरते. सावरगाव कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे; मेच्या अखेरच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत तेथे मध्यान्हीचा सूर्यही माथ्याच्या किंचित उत्तरेस असतो. गोव्यात तर ही मुदत मेच्या आरंभापासून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. म्हणजे उत्तरेची खिडकी निवडली तरी एक पांढरा पडदा जवळ हवाच.

कृत्रिम उजेडाचा इतिहास आम्ही लांबवीत नाही. मॅग्नेशियमच्या तारेच्या उजेडात व्यक्तिचित्र घेण्यात १८६४ साली इंग्लंडात यश आले. १८८७ मध्ये जर्मनीत तिची झटकन पेट घेणारी पूड निघाली. तिचा धूर आणि तिचे अपघात दोन्ही प्रसिद्ध आहेत. पुढे काचेच्या फुग्यातला फ्लॅश आला, विजेचे प्रखर दिवे आले, आणि १९३१ पासून हॅरॉल्ड एजर्टन यांच्या प्रयोगांतून आजच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशची वाट मोकळी झाली.

आठ दिवसांनी बापलेक पुन्हा आले. मुलगा तयारीनेच आला होता. "दादासाहेब फाळक्यांनी पण गहाण ठेवलंच होतं ना जी?" त्याचा मुद्दा बिनतोड वाटला, आणि कबूल करावयास हवे की क्षणभर आम्ही निरुत्तर झालो. त्र्यंबकेश्वरच्या पुरोहित घराण्यात १८७० साली जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी गोध्र्यास छायाचित्राचा धंदा केला होता, आणि कॅमेरा माणसाचा प्राण ओढून घेतो ह्या लोकसमजुतीशी त्यांना तेथे झगडावे लागले होते. पुढे लोणावळ्याजवळच्या रविवर्म्याच्या छापखान्यासाठीही त्यांनी काम केले. आपल्या देवघरांतील कितीतरी तसबिरी त्या छापखान्यातल्या. १९१२ साली त्यांनी आयुष्याच्या विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून विलायत गाठली, हे खरेच आहे. सरस्वतीबाईंचे दागिनेही ह्याच कार्यात खर्ची पडले.

परंतु त्या पैशातून त्यांनी काय आणले, हे पाहिले पाहिजे. विल्यमसनचा कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र, छपाईची सामग्री आणि कोरी फिल्म. दादरच्या बंगल्याच्या आवारात त्यांनी एक लहानशी काचेची खोली बांधली आणि फिल्म धुण्यासाठी अंधारी खोली तयार केली. भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून कुंडीत वाटाणा पेरून कॅमेरा महिनाभर त्याच्यासमोर ठेवला, आणि बीजाचा वेल होताना मिनिटभराच्या चित्रात दाखविला. ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसमोर आलेला 'राजा हरिश्चंद्र' चित्रित झाला तो सूर्याच्या उजेडावर. दादासाहेबांनी गहाण टाकून यंत्र घेतले, उजेड नव्हे. "यंत्र तुझ्याजवळ आहे," आम्ही त्या मुलास म्हटले.

कृत्रिम दिव्यांची खरी गरज दुसऱ्या ठिकाणी भासली. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी १९२३ साली 'सिंहगड' काढला. त्यातील रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी विजेचे दिवे वापरले, असे चित्रपटाचे इतिहासकार नमूद करतात. कोंढाणा रात्री सर झाला, तेव्हा दिवे हवेतच! दिवा विकत घेतो तेव्हा आपण उजेड घेत नाही, वेळ घेतो : सूर्य नसतानाही काम करण्याची मोकळीक. ह्याच बाबूरावांनी दोन वर्षांनी 'सावकारी पाश' काढला, कर्जापायी जमीन गेलेल्या शेतकऱ्याची कथा. ते नाव आम्ही त्या बापासमोर उच्चारले नाही. उच्चारण्याची आवश्यकता नव्हती.

आता सावरगावच्या घराकडे वळतो. दर्शनी ओसरी उत्तराभिमुख, समोर अंगण. भर दुपारचे ऊन सुमारे एक लाख लक्स असते आणि रात्री दिव्याखालची बैठकीची खोली शे-दोनशे लक्सच्या आसपास. त्या दोहोंमधला आडोशाचा उजेड ओसरीच्या काठाशी भरपूर असतो. नारायण दाजींच्या काचेला जेथे सेकंद मोजावे लागत, तेथे आजच्या जुन्यात जुन्या डिजिटल कॅमेऱ्यालाही सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. प्रमाणाचा पेच सुटला आहे. उरला आहे तो दिशेचा, आकाराचा आणि रंगाचा. उगम जितका मोठा व जवळ तितकी छाया मऊ; दिव्याचे अंतर दुप्पट केले तर उजेड चौथाईवर येतो. एक बाजू दाराकडे, दुसऱ्या बाजूस हातभर अंतरावर थर्मोकोलचा पांढरा पत्रा, एवढ्यात चेहरा उठून दिसतो. सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'साठी १९५६ च्या सुमारास सुब्रत मित्र यांनी काशीच्या घराचे अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभे केले, तेव्हा आकाशाच्या जागी पांढरे कापड ताणून त्यावर दिव्यांचा झोत टाकला आणि परतून येणाऱ्या उजेडात चित्रण केले. जगन्मान्य छायालेखकाला जे कापड चालले, ते सावरगावास का चालू नये?

मुलाच्या बाजूने एक हरकत खरी होती. गिऱ्हाईक येते ते शेताचे काम आटोपून, दिवेलागणीला. त्या वेळेसाठी एक दिवा हवाच. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले, त्या शोधाने हा खर्च आवाक्यात आणला. मात्र घरगुती बल्ब आणि छायाचित्राचा बल्ब एक नव्हे. खोक्यावर सीआरआय ह्या अक्षरांपुढे ९५ वा अधिक आकडा पाहावा. कमी असेल तर कातडीचा रंग मृतवत येतो. रंगतापमान ५५०० केल्विनच्या आसपास असावे. आपल्या विजेवर स्वस्त बल्ब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, म्हणून शटर पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवावे, म्हणजे चित्रावर पट्टे येत नाहीत. आणि खिडकीचा उजेड व पिवळा बल्ब ह्यांची मिसळ करू नये. ही शेवटची सूचना आम्ही अनुभवाने देतो. त्या मुलाने घेतलेले आमचे पहिले चित्र अर्धे निळे व अर्धे पिवळे आले; काळा कोट तर भिंतीच्या सावलीत पूर्ण लुप्त झाला, आणि भिंत हिरवी असल्याने आमच्या गालावरही हिरवळ उगवली. भिंतीला दुसऱ्याच दिवशी चुना लागला.

अखेर खरेदी झाली ती अशी : उत्तम सीआरआयचे दोन बल्ब, एक स्टँड, एक पांढरी छत्री, थर्मोकोलचे दोन पत्रे आणि पडद्यासाठी चार मीटर कापड. मूळ यादीच्या दशांशाहूनही कमी रक्कम लागली, आणि ती संत्र्याच्या पैशातून भागली. पळणारे लहान मूल टिपावयास फ्लॅश लागेल, हे त्याचे म्हणणे आम्हांस मान्य आहे; तो त्याने कमाईतून घ्यावा, एवढेच ठरले. गहाणखताचा मसुदा आम्ही केला नाही. नागपूरची यादी अद्याप आमच्या दप्तरात आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याचा निरोप आला की, सकाळी सातला उत्तरेच्या दारातून ऊन थेट आजीच्या तोंडावर येते. चार मीटर कापड अपुरे पडले होते. आजोबांचे धुतलेले धोतर दाराच्या चौकटीला बांध, असे आम्ही कळविले.