उत्तर गोळा करणारे चार अधिकारी

एप्रिल १९७५ मध्ये लोकसभेत मारुती लिमिटेड या कंपनीविषयी एक प्रश्न उत्तरासाठी यायचा होता. तो विचारला होता मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे ज्योतिर्मय बसू यांनी. कंपनीचे सूत्रधार संजय गांधी, म्हणजे तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांचे चिरंजीव. छोटी मोटार बनवण्याची परवानगी देताना यंत्रसामग्री परदेशातून मागवायची नाही, अशी अट कंपनीला घातलेली होती. ती अट आडवाटेने मोडली गेली का, या शंकेभोवती हा प्रश्न होता. उत्तर देण्याची जबाबदारी मंत्र्याची, पण मंत्र्यासाठी माहिती गोळा करतात ती खात्यातली माणसे. सरकारी खात्यांतल्या आणि सरकारी व्यापारी कंपनीतल्या चार अधिकाऱ्यांनी नेमके तेच काम सुरू केले. थोड्याच दिवसांत केंद्रीय अन्वेषण विभागाने या चौघांच्या घरांची झडती घेतली आणि त्यांच्यावर गुन्हे नोंदवले गेले. दोन महिन्यांत आणीबाणी आली, आणि जुलैच्या अधिवेशनात तर प्रश्नोत्तराचा तासच स्थगित झाला. पुढे आणीबाणीतल्या कारभाराची चौकशी करणाऱ्या शहा आयोगासमोर तत्कालीन उद्योगमंत्री टी. ए. पै यांनी साक्ष दिली, की या अधिकाऱ्यांवर इंदिरा गांधी संतापल्या होत्या आणि कारवाईचा आदेश त्यांच्या निवासस्थानातून निघाला.

भारतीय संसदेच्या विशेषाधिकारांचा इतिहास बहुतेक वेळा ‘सभागृह विरुद्ध वृत्तपत्रे’ किंवा ‘सभागृह विरुद्ध न्यायालय’ असा सांगितला जातो. माझ्या मते त्यातले सर्वांत महत्त्वाचे प्रकरण या चार अधिकाऱ्यांचे आहे. सरकारला जाब विचारण्याचा अधिकार आणि संसदेचा विशेषाधिकार या दोन गोष्टी मुळात एकच आहेत, हे लोकसभेने एकदाच, १९७८ मध्ये, स्वच्छ ओळखले. दुर्दैवाने ते ओळखलेले तत्त्व तिने अशा शिक्षेला बांधून टाकले, की अडीच वर्षांत शिक्षेबरोबर तत्त्वही पुसले गेले.

विशेषाधिकार कशासाठी जन्माला आले, हे आधी पाहू. ४ जानेवारी १६४२ रोजी इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स सैनिक घेऊन कॉमन्स सभेत शिरला. पाच सदस्यांना पकडायचे, हा त्याचा हेतू होता. ते कुठे आहेत हे सांगायला अध्यक्ष लेन्थॉल यांनी नकार दिला. सत्तेच्या प्रमुखाला सभागृहाच्या कामात हात घालता येऊ नये, हा या अधिकारांचा गाभा होता. आपल्या राज्यघटनेने अनुच्छेद १०५ मध्ये संसदेला आणि १९४ मध्ये विधिमंडळांना कॉमन्स सभेचेच अधिकार देऊ केले. मात्र ते वापरले गेले भलत्याच दिशेने. मार्च १९५२ मध्ये मुंबईच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाचे उपसंपादक होमी मिस्त्री यांना उत्तर प्रदेश विधानसभेच्या अध्यक्षांच्या वॉरंटवर मुंबईत अटक करून लखनौला नेले. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे न केल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सुटका केली. १९६१ मध्ये त्याच साप्ताहिकाचे संपादक करंजिया यांना आचार्य कृपलानींवरच्या लेखासाठी लोकसभेने समोर बोलावून समज दिली. दोन्ही ठिकाणी सभागृहाचे कोणते काम अडले होते? कोणतेच नाही. दुखावली होती ती प्रतिष्ठा.

दुसरीकडे, सरकारकडून माहिती काढून घेण्याची साधने मात्र शिस्तीने उभी राहत होती. कायदेमंडळात प्रश्न विचारण्याची मुभा १८९२ च्या कायद्याने मिळाली. १९२१ पासून लोकलेखा समिती होती, तरी प्रजासत्ताक होईपर्यंत तिचे प्रमुखपद सरकारच्या अर्थसदस्याकडेच राहिले; म्हणजे ज्याने हिशेब द्यायचा तोच हिशेब तपासायला बसायचा. १९६७ मध्ये मुंबईचे मिनू मसानी हे विरोधी बाकांवरचे पहिले अध्यक्ष झाले, आणि तो पायंडा टिकला. अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या काळात, १९५३ मध्ये, मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करणारी समिती नेमली गेली. ही सारी यंत्रणा एका गृहीतकावर चालते: खात्यातला अधिकारी खरी माहिती फाइलवर ठेवील आणि ती वरपर्यंत पोचेल. नियमांतही एक भगदाड आहेच. समित्यांना माणसे आणि कागदपत्रे मागवण्याचा अधिकार देणाऱ्या नियमालाच अशी पुस्ती जोडली आहे, की राज्याच्या सुरक्षेला किंवा हिताला बाधक ठरेल असे म्हणून सरकार कागद नाकारू शकते. ही नकाराची वाट निदान उघड तरी आहे. मंत्र्याला सभागृहात उभे राहून ‘देणार नाही’ म्हणावे लागते. कागद गोळा करणाऱ्याच्याच घराची झडती घेतली, तर नकार द्यायचीही गरज उरत नाही.

नोव्हेंबर १९७७ मध्ये मधु लिमये आणि कंवरलाल गुप्ता यांनी हाच मुद्दा हक्कभंग म्हणून मांडला. लिमये पुण्याचे, निवडून आलेले बिहारमधल्या बांका मतदारसंघातून. संसदीय नियमांवरची त्यांची पकड विरोधकही मानत. १९७६ मध्ये लोकसभेची मुदत वाढवली गेली, तेव्हा मूळ मुदतीपलीकडे बसणे अयोग्य म्हणून तुरुंगातून खासदारकीचा राजीनामा देणारे ते होते. त्यामुळे संसदेच्या पावित्र्याची भाषा त्यांच्या तोंडी पोकळ वाटत नव्हती. प्रकरण समर गुहा यांच्या अध्यक्षतेखालच्या विशेषाधिकार समितीकडे गेले. इंदिरा गांधींनी समितीपुढे शपथ घेऊन साक्ष द्यायला नकार दिला. याच आरोपांवर फौजदारी कारवाई होऊ शकते आणि स्वतःविरुद्ध बोलायला कोणाला भाग पाडता येत नाही, ही त्यांची बाजू होती. नोव्हेंबर १९७८ मध्ये अहवाल सादर झाला. सभागृहाला द्यायच्या उत्तरासाठी माहिती जमवणाऱ्यांना अडवणे, धमकावणे आणि खोट्या प्रकरणांत गोवणे हा सभागृहाचाच अवमान आहे, असे समितीने ठरवले. तिने इंदिरा गांधी, त्यांचे साहाय्यक आर. के. धवन आणि अन्वेषण विभागाचे माजी संचालक डी. सेन यांना दोषी धरले. मात्र शिक्षा काय द्यावी, हे तिने सभागृहाच्या विवेकावर सोपवले.

हे सूडाचे राजकारण होते, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि आजही घेतला जातो. सूडाची भावना होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. आणीबाणीत तुरुंग भोगलेली माणसे सत्तेच्या बाकांवर होती, आणि चिकमगळूरची पोटनिवडणूक जिंकून इंदिरा गांधी नुकत्याच सभागृहात परतल्या होत्या. पण तक्रार करणाऱ्याचा हेतू वाईट असला म्हणून तक्रारीतली घटना खोटी ठरत नाही. झडत्या झाल्या होत्या. त्या प्रश्नाचे उत्तर तयार होत असतानाच झाल्या होत्या. आणि आदेश कुठून आला, हे त्याच सरकारातल्या मंत्र्याने सांगितले होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अधिकारी मंत्र्याचा सेवक, सभागृहाचा नव्हे. विशेषाधिकाराचे कवच सदस्य, सभागृहाचे कर्मचारी आणि साक्षीदार यांच्यापुरते असते. ते सचिवालयातल्या प्रत्येक टेबलापर्यंत ताणले, तर बदली झालेला कोणताही कारकून हक्कभंगाची तक्रार घेऊन उभा राहील. ही भीती खरी आहे. पण समितीचे तत्त्व घट्ट चौकटीत बसवता येते. प्रश्न सभागृहाने स्वीकारलेला असावा, त्या माणसाला त्याच उत्तराचे काम दिलेले असावे, आणि त्रास त्या कामामुळेच दिला गेला हे सिद्ध व्हावे. एवढ्या तीन अटींतून नित्याच्या बदल्या आणि चौकशा आपोआप गळून पडतात. समितीपुढे बोलणाऱ्या साक्षीदाराला धमकावणे अवमान ठरते, हे सर्वांना मान्य आहे. मग मंत्र्याच्या तोंडून जे सत्य सभागृहापुढे यायचे ते गोळा करणाऱ्याला धमकावले, तर सभागृहाचे नुकसान कोणत्या अर्थाने कमी होते, याचे उत्तर आक्षेप घेणाऱ्यांनी दिलेले नाही. उलट नुकसान अधिकच. साक्षीदार गप्प बसला, तर समितीला ते निदान दिसते.

शिक्षेच्या बाबतीत मात्र मला लोकसभेची बाजू घेता येत नाही. पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्या ठरावावर बरीच चर्चा होऊन १९ डिसेंबर १९७८ रोजी सभागृहाने निर्णय केला: इंदिरा गांधींची खासदारकी रद्द, आणि अधिवेशन संपेपर्यंत तुरुंगवास. त्यांना तिहारला नेले. २६ डिसेंबरला सत्रसमाप्ती झाली आणि त्या सुटल्या. कॉमन्स सभेने १८८० नंतर कोणालाही तुरुंगात पाठवलेले नव्हते, आणि आपण तर तिचेच अधिकार उसने घेतले होते. शिवाय साक्ष द्यायला नकार देण्यामागे फौजदारी खटल्याची खरी शक्यता होती. अशा वेळी बहुमताच्या सभागृहाने स्वतःच न्यायाधीश व्हावे, हे न्यायाच्या कोणत्याही कसोटीला उतरत नाही. १९५१ मध्ये हंगामी संसदेने मुंबईच्या सराफा संघटनेकडून पैसे घेणाऱ्या एच. जी. मुद्गल यांचे प्रकरण हाताळले, तेव्हा ठराव नेहरूंनी मांडला होता, स्वतःच्याच पक्षाच्या सदस्याविरुद्ध. तिथे सूडाची शंका घ्यायला जागा नव्हती. १९७८ मध्ये ती जागा सगळीकडे होती, म्हणूनच हात आखडता घ्यायला हवा होता. दोषाचा ठराव नोंदवायचा, समोर बोलावून समज द्यायची आणि गुन्ह्याचा भाग न्यायालयाकडे सोडायचा, एवढे पुरले असते. मतदारसंघाने सहा आठवड्यांपूर्वी निवडून दिलेल्या सदस्याचे पद काढून घेतल्यामुळे चर्चा चार अधिकाऱ्यांवरून उठली आणि एका नेत्याच्या छळावर जाऊन बसली.

जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी सत्तेवर परतल्या, आणि ७ मे १९८१ रोजी सातव्या लोकसभेने जुना ठराव रद्द केला. नुसती शिक्षा रद्द केली असती, तर ते समजण्यासारखे होते. पण समितीचे निष्कर्षच विशेषाधिकाराच्या मान्य तत्त्वांशी विसंगत आहेत, असे या नव्या ठरावात म्हटले. लाभ ज्यांना होणार, त्यांच्याच बहुमताने तो मंजूर झाला, म्हणजे १९७८ चा दोष दुप्पट होऊन परतला. त्या चार अधिकाऱ्यांचे सभागृह काही देणे लागते, हा विचार तेव्हापासून संसदेच्या नोंदीत बाद ठरलेला आहे.

संसदेने आपले विशेषाधिकार कायदा करून ठरवावेत, अशी घटनेचीच अपेक्षा आहे. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ मध्येच अशा कायद्याची शिफारस केली होती. चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कॉमन्स सभेचा उल्लेख काढला, पण कायदा केला नाही, आणि २००८ मध्ये लोकसभेच्या विशेषाधिकार समितीने त्याची गरज नसल्याचे सांगितले. संहिता झाली की न्यायालये सभागृहाच्या दारात येतील, ही त्यामागची धास्ती. ती समजून घेता येते. पण संहिता नसल्यामुळे आज एवढेच झाले आहे, की संपादकाने टीका केली तर हक्कभंगाची नोटीस काढता येते, आणि तारांकित प्रश्नाचे खरे उत्तर फाइलवर लिहिणाऱ्या उपसचिवाच्या घरी उद्या पोलीस पाठवले, तर त्याला सभागृहाकडे जायला एकही कलम नाही. कायदा कधी झालाच, तर संपादकांविषयीची कलमे मागाहून लिहिली तरी चालतील. पहिले कलम या उपसचिवाविषयी असावे.