खारचा चित्रकार, औंधचे दालन

खारदांडा म्हटले की कोळीवाडा, होड्या आणि वाळत घातलेले बोंबील डोळ्यांपुढे येतात. मला मात्र शेजारच्या खारमध्ये राहिलेले चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर आठवतात. १८६७ साली कोल्हापुरात जन्मलेले धुरंधर १८९० मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आले आणि विद्यार्थी, मग शिक्षक म्हणून ४१ वर्षे तिथेच रमले. १८९५ मध्ये त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. मुंबईच्या रस्त्यांवरची साधी माणसे त्यांनी जिव्हाळ्याने रेखाटली. १९४४ मध्ये ते गेले.

त्यांची चित्रे पाहायला मी सातारा जिल्ह्यातल्या औंधला गेलो. तिथले संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रे काढत. संस्थान चिमुकले, पण १९३८ मध्ये त्यांनी यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभारले आणि आपला खासगी संग्रह रयतेसाठी खुला केला. म्हणूनच त्या आडगावातल्या शाळकरी मुलांनाही नामवंतांची चित्रे पाहता येतात.

मुंबईत चित्रे आहेत, पण ती बहुतेक फोर्टच्या बाजूला. दांड्याच्या मुलाला आपल्याच शेजाऱ्याचे चित्र पाहायला तेवढे लांब का जावे लागावे? उपनगराकडे पैसा आहे; औंधची ती दृष्टी हवी.