पडद्यावरचे मॅक्लुहान

मार्शल मॅक्लुहान हे टोरांटो विद्यापीठातील इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक; पण लोकस्मृतीत ते उरले चित्रपटांमुळे. ‘अ‍ॅनी हॉल’मध्ये (१९७७) चित्रपटगृहाच्या रांगेत त्यांच्याविषयी पांडित्य मिरवणाऱ्या प्राध्यापकाला ते स्वतःच प्रकटून गप्प करतात. प्रेक्षक हसतो, त्यानेही त्यांचे पुस्तक उघडलेले नसते! (आपल्या चर्चासत्रांतील ‘जागतिक खेडे’ असेच न वाचता आलेले.) १९८० साली ते निवर्तले. पुढे डेव्हिड क्रोनेनबर्ग यांच्या ‘व्हिडिओड्रोम’मध्ये (१९८३) त्यांच्यावर बेतलेला प्रा. ओब्लिव्हियन आला : केवळ दूरचित्रवाणीवरून बोलणारा, प्रत्यक्षात केव्हाच मृत, मागे उरल्या त्या ध्वनिचित्रफिती. आशयापेक्षा माध्यमच माणसाला घडवते, या त्यांच्या सिद्धान्ताचे इतके मर्मग्राही वाचन भाष्यग्रंथांतही क्वचितच आढळते.