मलिक अंबरची आठवण

श्रोते हो, भडकल दरवाजा तुम्ही पाहिलाच असेल. बाजाराला, कोर्टकचेरीला किंवा दवाखान्याला जिल्ह्याच्या गावी आलेला माणूस कधी ना कधी त्याच्याजवळून जातो. पण हा दरवाजा कोणी बांधला म्हणून विचारा, पुष्कळ जण चटकन औरंगजेबाचे नाव सांगतील. तो बांधला मलिक अंबरने, १६१२ च्या सुमारास, मोगलांवरील विजयाची खूण म्हणून. औरंगजेबाचा तर तेव्हा जन्मही झाला नव्हता!

गावही मलिक अंबरचेच. १६१० साली खडकी या लहानशा खेड्याच्या जागी त्याने शहर वसवले. त्याचा मुलगा फत्तेखान याने त्याला फतेहनगर म्हटले, १६५३ मध्ये त्याचे औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे. कोणते नाव बरे, ही चर्चा मला येथे करायची नाही. मला विचारायचे आहे ते इतकेच, की ज्याने गाव वसवले त्याची आठवण आपण कशी ठेवली?

हा माणूस मूळचा आफ्रिकेतल्या हबसाणातला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनला आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरी राहिला. १६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतले. राज्य बुडाल्यातच जमा होते. तेव्हा मलिक अंबरने निजामशाही घराण्यातला एक मुलगा गादीवर बसवला आणि पुढे पंचवीसएक वर्षे कारभार हाकला. जहांगीर बादशहाला याचा इतका राग, की त्याने एक चित्र काढवून घेतले. बादशहा पृथ्वीगोलावर उभा आहे आणि भाल्याच्या टोकावरच्या मलिक अंबरच्या शिरावर बाण मारतो आहे. प्रत्यक्षात ते शीर त्याच्या हाती कधीच लागले नाही. चित्रात मारणे त्यातल्या त्यात सोपे!

आपल्याकडे काय झाले? आपण त्याला गनिमी काव्याचा गुरू करून टाकले. शिवाजी महाराजांनी ही विद्या मलिक अंबरकडून घेतली, असे भाषणातून सर्रास ऐकू येते. शिक्षकमित्रांनो, येथे जरा सनावळी पाहा. मलिक अंबर वारला १६२६ मध्ये, महाराज जन्मले १६३० मध्ये. दुवा आहे तो शहाजीराजांचा. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे आणि त्यांचे बंधू शरीफजी मलिक अंबरच्या बाजूने लढले, शरीफजी तेथेच पडले. शिवाय मलिक अंबरच्या फौजेत मराठा स्वार मोठ्या संख्येने होते. डोंगर त्यांच्या पायाखालचे, घाट त्यांना पाठ. मग कोण कोणाला शिकवत होते? मला वाटते, शिकणे दोन्हीकडून चालले होते. नुसता गुरू म्हटले की तो दुसऱ्याच्या गोष्टीतले एक पात्र होतो, आणि ते स्वारही विसरले जातात.

दुसरी आठवण धाऱ्याची. ही शेतकरी बंधूंच्या जिव्हाळ्याची. मलिक अंबरने मक्त्याने वसुली देण्याची पद्धत मोडली, गावकामगारांना पुन्हा उभे केले, पिकाच्या अंदाजाने सारा ठरवला, असे ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहिले. ते पुस्तक निघाले १८२६ साली, म्हणजे मलिक अंबरच्या मृत्यूनंतर बरोबर दोनशे वर्षांनी. इंग्रज तेव्हा दख्खनमध्ये स्वतःचा सारा बसवीत होते, जुन्या चांगल्या राज्यकर्त्याचा दाखला त्यांनाही हवा होता. म्हणून सगळे खोटे असे मी म्हणत नाही. पुढच्या काळातल्या दफ्तरांतही मलिकंबरी धाऱ्याचा दाखला देत. पण तो सारा कशासाठी गोळा होत होता? बहुतांशी लढाईसाठी. शत्रूची रसद तोडायची तर आसपासचा दाणागोटा, वैरण काही शिल्लक ठेवून चालत नाही. ती वैरण कोणा ना कोणा कुणब्याचीच असणार ना! कनवाळू राजा म्हणून त्याची गोष्ट सांगताना हा कुणबी सोयीस्करपणे वगळला जातो.

पाण्याचेही तसेच आहे. मलिक अंबरने उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बांधीव नळांतून शहरात आणले. मोट नाही, यंत्र नाही, नुसता उतार. नहर-ए-अंबरी म्हणतात ती हीच. तिचे कौतुक करावे तितके थोडे. (पाणचक्कीही त्याच्याच नावावर घालतात, ती अठराव्या शतकातली.) पण याच माणसाने भातवडीला तलावाचा बांध फोडला, रान चिखलाने भरून टाकले आणि मोगल व आदिलशाही फौजा अडकवल्या. लढाई जिंकली, निजामशाही वाचली. त्या तलावाखाली ज्यांची शेते होती, त्यांनी मलिक अंबरची कोणती आठवण काढली असेल?

गुलामाचा राजकारणी झाला, हे आता पुष्कळ लिहिले जाते, परदेशातही. ते खरेच मोठे आहे. मात्र सत्ता हाती आल्यावर त्याने स्वतःही फौजेसाठी हबशी गुलाम विकत घेतले. राजू दखनीसारख्या प्रतिस्पर्ध्याला त्याने वाटेतून दूर केले, आणि ज्या मुर्तजाला गादीवर बसवले त्यालाच १६१० मध्ये विष घातल्याचे इतिहासकार सांगतात. वर्गात मुलांना हे सांगावे की नाही? मोठ्या मुलांना तरी सांगावे. ती बिचकत नाहीत, उलट प्रश्न विचारू लागतात.

पुष्कळ शाळांच्या सहली वेरुळला जातात. वाटेत खुलताबादला औरंगजेबाची कबर दाखवून गाडी पुढे निघते. त्याच गावात मलिक अंबरची दगडी, घुमटाची कबर आहे. पुढच्या खेपेस तेथेही उतरा. मुलांना आधी भडकल दरवाजा दाखवून आणला असेल तर फारच चांगले.