तळे बुजले, बी जगले

मातीत पडलेले बी किती वर्षे दम धरते? इंग्लंडातल्या नॉरफोक परगण्याची ही हकिगत ऐका.

तिथले शेतकरी पूर्वी रानाला घालण्यासाठी चुनखडीची माती खणून काढत. त्या खड्ड्यांत पाणी साठून तळी झाली. गुरे तिथे पाणी पीत, काठाला रानफुले येत. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टरसाठी मोठी शेते हवी झाली. बरीच तळी बुजवली. कित्येक झाडोऱ्याखाली झाकली गेली.

ग्रास-पॉली हे इवलेसे गुलाबी फूल तर परगण्यात शंभराहून अधिक वर्षे दिसले नव्हते. प्रा. कार्ल सेयर यांनी हेडन गावाजवळच्या एका जुन्या तळ्याची झाडी तोडून गाळ उपसण्याचे काम केले. काठावर ऊन पडले आणि २०२० साली तेच फूल उमलले! बी कोणी पेरले नव्हते. ते गाळातच, हवा-उजेडाविना निजून होते. २०१७ च्या एका अभ्यासात तर सुमारे १५० वर्षांपूर्वी बुजवलेल्या तळ्याच्या मातीतूनही पाणवनस्पती उगवल्या.

तेव्हा जुने तळे बुजवण्याआधी थांबा. गाळ काढताना काठाचा थोडा तसाच ठेवा. त्यात आजोबा-पणजोबांच्या काळचे बी असू शकते.