मोटारीच्या दूरसंपर्काची मुदत

मोटारगाडीचे आयुष्य आणि तिच्या पोटात बसविलेल्या बिनतारी यंत्राचे आयुष्य यांचा मेळ बसत नाही, ही गोष्ट अमेरिकेतील विद्युत्-मोटारींच्या मालकांना 2016 साली प्रकर्षाने जाणवली. तथापि या कथेचा आरंभ विद्युत्-मोटारीपासून होत नाही. जनरल मोटर्सने 1996 साली ‘ऑनस्टार’ ही सेवा आपल्या कॅडिलॅक गाड्यांतून सुरू केली, तेव्हा त्या गाड्या अ‍ॅनालॉग मोबाइल जाळ्यावर बोलत असत. आणि ते जाळे चालू ठेवण्याची कंपन्यांवरील सक्ती जेव्हा संघीय दळणवळण आयोगाने 18 फेब्रुवारी 2008 पासून उठविली, तेव्हा त्या सुमारास, ज्यांत केवळ अ‍ॅनालॉग यंत्र होते अशा अनेक धडधाकट गाड्या मुक्या झाल्या. पुढील कारखानदारांनी यावरून बोध घ्यावयास हवा होता. त्यांनी तो घेतला नाही.

निस्सानची लीफ डिसेंबर 2010 मध्ये बाजारात आली ती टूजीवर चालणारी संपर्कपेटी घेऊन. पेट्रोलच्या गाडीत अशी पेटी म्हणजे निव्वळ चैन. परंतु 24 किलोवॅट-तासांची बॅटरी, एका चार्जिंगमध्ये सरकारी मोजमापाप्रमाणे 73 मैलांची मजल, आणि घरच्या चार्जरवर पूर्ण भरण्यास लागणारे सात-आठ तास, अशी जिची स्थिती, त्या गाडीच्या मालकाला चार्जिंग मध्येच तुटले तर नाही ना हे घरबसल्या कळणे, किंवा गाडी प्लगला जोडलेली असतानाच आतली हवा उबदार करून बॅटरीतील वीज प्रवासासाठी राखणे, ही चैन नसून रोजची गरज होती.

एटी अँड टी कंपनीने 2012 सालीच जाहीर केले होते की, 2016 संपताच आपले टूजी जाळे बंद होईल. तेव्हा निस्सानने जुन्या लीफ गाड्यांत थ्रीजीची पेटी बसवून देण्याची व्यवस्था केली व त्याबद्दल 199 डॉलर आकारले. ज्या सोयीसह गाडी विकली, ती सोय टिकविण्याचा खर्च ग्राहकाच्या माथी मारणे मला तरी न्याय्य वाटत नाही. पण मुद्दा तेवढ्यावर संपत नाही.

कारण पेटी बदलली म्हणजे संपर्क जुळला असे होत नाही. डीलरच्या वर्कशॉपातून गाडी घरी यावी, बिलावर काम पूर्ण झाल्याचा शेरा असावा, आणि फोनवरच्या अ‍ॅपने मात्र गाडी सापडत नसल्याचे सांगावे, अशा प्रसंगी मालक तारांवर व मेकॅनिकवर संशय घेतो. परंतु दोष पुष्कळदा दफ्तरात असतो. गाडीला तिचा कारखान्याचा क्रमांक असतो, पेटीला वेगळा, पेटीतल्या सिमला आणखी वेगळा, आणि कंपनीच्या मध्यवर्ती नोंदवहीत हे सारे एकमेकांशी व मालकाच्या खात्याशी जुळलेले असावे लागतात. पेटी बदलताच दोन क्रमांक बदलतात. ते कोणी रुजू केले नाहीत, तर जमिनीचा ताबा मिळूनही सातबाऱ्यावर फेरफार न चढलेल्या खरेदीदारासारखी त्या नव्या पेटीची गत होते. म्हणून तपासाचा क्रम असा धरावा की, प्रथम गाडी तळघरातील पार्किंगमधून काढून उघड्यावर उभी करावी. मग पडद्यावर माहिती पाठविण्यास संमती विचारली जाते ती नाकारली गेलेली नाही ना, हे पाहावे (जुनी लीफ ही संमती गाडी सुरू करताना दर वेळी मागत असे, आणि घाईत बोट भलतीकडे पडणे अवघड नव्हते). त्यानंतर पडद्यावरील पेटीचा क्रमांक कंपनीच्या नोंदीशी ताडून घ्यावा. आणि हे सर्व बरोबर ठरल्यावरच अँटेनाची जोडणी तपासण्यासाठी डॅशबोर्ड उघडण्याचा हुकूम द्यावा. वर्कशॉपात बहुधा याच्या उलट घडते, कारण मेकॅनिकच्या हाती पाना असतो, नोंदवही नसते.

त्या नोंदवहीची शिस्त कशी होती, याचा एक दाखला फेब्रुवारी 2016 मध्ये मिळाला. ट्रॉय हंट या संगणक-सुरक्षातज्ज्ञाने उघडकीस आणले की, लीफच्या सेवेला ओळख म्हणून केवळ गाडीचा क्रमांक पुरत असे. जो क्रमांक समोरच्या काचेतून कोणालाही वाचता येतो, तो ठाऊक असलेल्या तिऱ्हाइताला दुसऱ्याच्या गाडीतील वातानुकूलन दुरून चालू करता येई. निस्सानला ती सेवा काही काळ बंद ठेवावी लागली.

199 डॉलरांची ती पेटीही फार टिकली नाही. एटी अँड टीने 22 फेब्रुवारी 2022 रोजी थ्रीजी जाळे गुंडाळले, म्हणजे नव्या पेटीला जेमतेम पाच वर्षांचे आयुष्य लाभले. ब्रिटनमध्ये तर 2016 पूर्वीच्या लीफ गाड्यांची अ‍ॅप-सेवा एप्रिल 2024 पासून बंदच करण्यात आली. बॅटरीची आठ वर्षांची हमी ज्या कंपनीने लेखी दिली, तिने संपर्काच्या मुदतीविषयी तसा करार केला नाही. जुनी विद्युत्-मोटार घेणारा बॅटरी तपासून घेतोच. त्याने तिची पेटी कोणत्या पिढीच्या जाळ्यावर चालते व ते जाळे कोठवर चालणार, हेही लेखी विचारावे, आणि पेटी नवी बसविली असल्यास तिचा क्रमांक बिलावर नोंदवून घेतल्याखेरीज व अ‍ॅपने गाडीचा चार्ज दाखविल्याखेरीज वर्कशॉपच्या फाटकाबाहेर गाडी काढू नये.